घरी करायचं युरिन ड्रग टेस्ट किट: बडोद्यात विकत घेण्याआधी वाचा

लघवी तपासून पाच मिनिटांत नशा पकडून देणारं म्हणून जे किट विकलं जातं, ते मोठ्या मेडिकलमध्ये मागितलं तर मिळतं आणि ऑनलाइन घरपोच येतं. मुलगा रात्ररात्र जागतोय, लहानसहान गोष्टींवर अंगावर येतोय, हातातले पैसे कुठं जातात ते सांगत नाही आणि 'एमडी' (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) हे नाव कुठून तरी कानावर आलंय, अशा वेळी आई-बाबा ते घेतात. त्यांची काळजी खरी असते, म्हणून आमचं मत आडपडदा न ठेवता सांगतो. घरातल्या संशयाचा निकाल लावायला हे किट घेऊ नका. बडोद्यात ज्या नशेची, म्हणजे एमडीची, धास्ती सगळ्यात जास्त आहे ती बहुतेक वेळा ते पकडतच नाही. जी पकडतं, ती अशा दिवशी दाखवतं की त्या दिवशी घरात भांडण काढणं जिवावर बेतू शकतं. उपचार सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्र हेच किट मोलाचं काम करतं. घरच्या वापरासाठी पाचपैकी एक तारा, दवाखान्यातल्या वापरासाठी चार.

आधी वस्तू पाहू. फॉइलच्या बंद पाकिटात प्लॅस्टिकचं कार्ड किंवा झाकणाचा कप असतो. त्यात पाच, सहा, दहा किंवा बारा पट्ट्या, ओलावा शोषणारी छोटी पुडी आणि बारीक टाइपातलं पत्रक. प्रत्येक पट्टीच्या वर तीन अक्षरं छापलेली असतात: एएमपी म्हणजे ॲम्फेटामिन, एमईटी म्हणजे मेथॲम्फेटामिन, सीओसी म्हणजे कोकेन, टीएचसी म्हणजे गांजा-चरस, एमओपी म्हणजे अफूपासूनचे पदार्थ, बीझेडओ म्हणजे अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या. पत्रकात प्रत्येकाचा कट-ऑफ दिलेला असतो. ॲम्फेटामिनला बहुधा १००० किंवा ५००, कोकेनला ३०० किंवा १५०, गांजाला ५०, सगळे आकडे एका मिलिलिटर लघवीमागे नॅनोग्रॅममध्ये. लघवीतलं प्रमाण त्याखाली असेल तर किट निगेटिव्हच दाखवणार. म्हणजे 'निगेटिव्ह' याचा अर्थ 'काहीच नाही' असा होत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ रेघांचा होतो. वरची रेघ 'सी' (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालली याची खूण), खालची 'टी' (टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष चाचणी). दोन्ही रेघा आल्या तर निगेटिव्ह, फक्त 'सी' आली तर पॉझिटिव्ह. गरोदरपणाच्या चाचणीच्या हे बरोब्बर उलट आहे, आणि ती चाचणी डोक्यात बसलेली असल्यामुळे दोन रेघा दिसल्या की घरात रडारड सुरू होते. असं का, हे एकदा कळलं की चूक होत नाही. 'टी'च्या जागी पट्टीवर तो अमली पदार्थ आधीच चिकटवलेला असतो. लघवीबरोबर रंगीत कण लावलेली प्रतिपिंडं वर चढतात. लघवीत तो पदार्थ नसेल तर ती 'टी'पाशी येऊन बसतात आणि रेघ उमटते. लघवीतच पदार्थ असेल तर ती वाटेतच त्याला चिकटतात, 'टी'पाशी कुणी उरत नाही, जागा पांढरी राहते. 'टी'ची रेघ फिकट, तुटक, दुसऱ्या पट्टीपेक्षा पुसट असली तरी ती निगेटिव्हच. 'थोडी पॉझिटिव्ह' असा प्रकार नाही. 'सी'च आली नाही तर पट्टी बाद, निकाल धरायचा नाही.

तपासणी पत्रकाप्रमाणे केली तर सोपी आहे. पाकीट वापरायच्या वेळीच फोडायचं. फोडून ठेवलं तर हवेतल्या ओलाव्यानं पट्टी खराब होते. लघवी ताजी, कोरड्या स्वच्छ डब्यात, निदान ३० मिली. घेतल्यापासून चार मिनिटांच्या आत तिचं तापमान साधारण ३२ ते ३८ अंश असायला हवं. कपावर पट्टीचा थर्मामीटर असतो तो त्यासाठीच. कार्ड बाणाच्या खुणेपर्यंतच बुडवायचं, १० ते १५ सेकंद, मग सपाट जागी आडवं ठेवायचं. निकाल पाचव्या मिनिटाला वाचायचा. दहा मिनिटांनंतर वाचू नका, कारण पट्टी वाळताना रेघा बदलतात. सकाळी केलेली चाचणी बाबा संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाहतात आणि त्यावरून वाद होतो, हे चुकीचं आहे. खूप पाणी प्यायल्यावरची लघवी पातळ असते, त्यात प्रमाण कट-ऑफखाली जातं. चांगल्या किटमध्ये क्रिएटिनिनची (लघवीत नेहमीच असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) वेगळी पट्टी असते. ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर तो नमुना पातळ समजून पुन्हा घ्यायचा. आणखी एक गोष्ट आपल्या गावासाठी मुद्दाम सांगायला हवी. ही किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. एसी नसलेल्या दुकानातलं किंवा डिलिव्हरीच्या गाडीत दुपारभर तापलेलं किट मुदत बाकी असूनही भरवशाचं राहत नाही.

आता मुख्य दोष. गुजरातेत, मुंबईत आणि माळव्यात 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सावली तालुक्यातल्या मोक्सी गावाजवळच्या कारखान्यातून गुजरात एटीएसनं सुमारे २२५ किलो एमडी पकडलं, तेव्हा हे प्रकरण आपल्या उंबऱ्याशी आहे हे सगळ्यांना कळलं. मेफेड्रोन कॅथिनोन वर्गातलं, म्हणजे ॲम्फेटामिनसारखंच उत्तेजक आहे. त्याची रेणूरचना ॲम्फेटामिनच्या जवळची असली तरी एएमपी आणि एमईटी पट्ट्यांची प्रतिपिंडं त्याला भरवशानं ओळखत नाहीत. आदल्या रात्री एमडी ओढलेल्या मुलाची सहाच्या सहा पट्ट्यांवर दोन-दोन रेघा येऊ शकतात. काही महागड्या किटमध्ये 'एमडीएमए' अशी पट्टी असते आणि दुकानदारही 'यात एमडी येतं' म्हणून देतो. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी, ते वेगळं रसायन आहे. त्या पट्टीच्या भरवशावर मेफेड्रोन नाही असं म्हणता येत नाही.

याचा परिणाम काय होतो? निगेटिव्ह आलेलं किट मुलाच्या हातात दाखला म्हणून पडतं आणि आई-बाबांचा बरोबर असलेला संशय त्यांच्याच हातून खोडला जातो. महिनाभर कुणी डॉक्टरांकडे जात नाही. इतक्या एका कारणासाठीसुद्धा आम्ही हे किट घरासाठी सुचवणार नाही.

उलट बाजूनंही फसगत होते. एएमपीची पट्टी सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिननं, पित्तावरच्या रॅनिटिडिननं, बुप्रोपिऑन आणि ट्रॅझोडोन या नैराश्यावरच्या औषधांनी, रक्तदाबाच्या लॅबेटॅलॉलनं खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ॲम्फेटामिन वर्गाची नशा करणारे ०.१८ टक्के निघाले होते. जी गोष्ट इतकी विरळ, तिच्या पट्टीवर रेघ गेली तर सर्दीची गोळी आणि पित्ताची गोळी आधी आठवायला हवी. नैराश्यावर आधीच उपचार घेणाऱ्या मुलीवर तिच्याच औषधामुळे नशेचा आरोप होणं, याहून वाईट काय असेल!

परीक्षेच्या दिवसांत जागण्यासाठी घेतलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं (लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं) औषध सहसा एएमपी पट्टीवर येत नाही. ते शेड्यूल एक्समधलं आहे, म्हणजे दोन प्रतींतलं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि दुकानदारानं एक प्रत दोन वर्षं जपायची असते. ते बिनचिठ्ठीचं कुणाकडून येत असेल तर तो धोका आधी ओळखा. आणि जिममध्ये जाणाऱ्यांच्या घरी एक नाव माहीत असायला हवं: मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणायचं हे इंजेक्शन. व्यायामाआधी दम आणि जोर यावा म्हणून काही जण ते टोचून घेतात. त्याची सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि 'लोक माझ्या मागावर आहेत' इथपर्यंतचा मनोविकार झाल्याच्या नोंदी भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी केल्या आहेत. जिमच्या बॅगेत इन्सुलिनच्या सिरिंज आणि छोटी काचेची बाटली दिसली तर पट्टीपेक्षा त्या बाटलीवरचं लेबल जास्त सांगेल.

आता ज्या कारणासाठी आम्ही हे सगळं लिहितोय ते. ॲम्फेटामिन, मेथॲम्फेटामिन, कोकेनचे अंश लघवीत साधारण एक ते तीन दिवस सापडतात. उत्तेजक नशा उतरल्यावर माणूस कोसळतो तेही हेच दिवस. नशेत मेंदू डोपामिन आणि इतर रसायनं भसाभस सोडतो. मेफेड्रोनचा असर तर तास-दोन तासांत ओसरतो, म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा ओढलं जातं, झोप नाही, जेवण नाही. मग साठा आटतो. मुलगा चौदा-सोळा तास झोपतो, उठून अधाशासारखा खातो, कुणाशी बोलत नाही, कशातच रस वाटत नाही, आणि मरणाचे विचार येतात. ही उदासी काही दिवसांत ओसरू लागते, पण आनंदच न वाटणं आठवडेच्या आठवडे टिकू शकतं. कार्डावरची रेघ जाईल ती नेमकी यातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्या दिवशी कार्ड टेबलावर आपटून 'हे काय आहे?' विचारणं, मामा-काकांना बोलावून घेणं, 'घरातून चालता हो' म्हणणं, यानं खरं बाहेर येत नाही. आधीच तळाला गेलेल्या मनाला त्या दिवशी तेवढंच निमित्त पुरतं.

त्या दिवशी करायचं ते असं. झोपू द्या. पाणी, ताक, मऊ भात, डाळ असं जे जाईल ते द्या. घरातल्या झोपेच्या गोळ्या, पॅरासिटामॉलच्या पट्ट्या, उंदराचं औषध, फिनाइल कुलपात ठेवा. 'मरावंसं वाटतंय का?' हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका आणि १४४१६ वर, टेलि-मानसला फोन करा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि रात्री-अपरात्रीही लागते. नशेबद्दलच्या सल्ल्यासाठी १४४४६. नशेचं बोलणं चार-पाच दिवसांनी काढा, झोप भरल्यावर, दोघांपैकी एकानंच, दार उघडं ठेवून.

नशा चढलेली असताना मात्र फोन १०८ लाच. छातीत दुखणं, आकडी, अंग भट्टीसारखं तापणं, कुठं आहोत ते न कळणं, शुद्ध हरपणं यापैकी काहीही दिसलं की घरी थांबायचं नाही. तापलेलं अंग ओल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली ठेवा. हा ताप तापाच्या गोळीनं उतरत नाही, कारण तो संसर्गाचा नसतो. एकदम लिटरभर पाणीही पाजू नका, रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आणि डॉक्टरांपासून एमडी घेतल्याचं लपवू नका: छातीदुखीवर कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं टाळायचं ते त्यावर ठरतं.

किटचे पैसे वाचवून शंभर पानी वही घ्या, असं आम्ही म्हणू. चौदा दिवस रोज चार गोष्टी लिहा: कधी झोपला, कधी उठला, काय खाल्लं, काय वेगळं बोलला किंवा वागला. दोन रात्री जाग आणि मग दिवसभर झोप असा आलटून-पालटून नमुना, महिन्याभरात कपडे ढिले होणं, जबडा आवळणं, दात खाणं, नाकातून रक्त, हातावर ओरखडे. संशयाच्या खुणा वेगळ्या रंगानं लिहा: फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, खिडकीच्या फटीला कागद, 'खाली उभी आहे ती गाडी माझ्यासाठीच', कुणी नाव घेऊन हाक मारतंय असं वाटणं. हा उत्तेजकांमुळे होणारा मनोविकार. बहुतेकांत नशा थांबल्यावर काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत तो मावळतो. महिना उलटूनही टिकला तर डॉक्टर स्किझोफ्रेनियासारखा मूळचा आजार आहे का ते तपासतात, आणि तेव्हा तुमच्या वहीतल्या तारखा सोन्याच्या ठरतात. असा संशय बोलून दाखवला तर 'वेड्यासारखं बोलू नकोस' म्हणून वाद घालू नका, 'हो रे, बघतात खरे' असं खोटंही म्हणू नका. 'तुला भीती वाटतेय ना, मी इथंच आहे' इतकं पुरे. टीव्ही बंद, माणसं कमी, सुऱ्या-कात्र्या बाजूला, आणि त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही.

किट कुठं चांगलं चालतं? अफूच्या नशेला ब्युप्रेनॉर्फिनसारखं बदली औषध आहे, उत्तेजकांना तसं मान्यताप्राप्त औषध नाही. इथं चालतं ते समुपदेशन आणि बक्षिसाची पद्धत. आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात चाचणी, स्वच्छ आली की लगेच छोटं कूपन, सलग स्वच्छ आली की रक्कम वाढत जाते, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. गैरहजेरी म्हणजे पॉझिटिव्ह. ओरडा नाही, व्याख्यान नाही. साधारण बारा आठवडे. उत्तेजकांच्या व्यसनावर सगळ्यात भक्कम पुरावा या पद्धतीचा आहे. पाच मिनिटांत निकाल देणारं किट इथं लागतंच, कारण बक्षीस तिथल्या तिथं मिळालं तरच त्याचा उपयोग होतो. मात्र माणसाची संमती हवी आणि पदार्थ पट्टीवर येणारा हवा. एमडीसाठी लॅबकडे जावं लागतं: जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस पद्धत (यंत्रावर नेमकं रसायन ओळखण्याची) आहे का आणि त्यांच्या यादीत 'मेफेड्रोन' किंवा 'सिंथेटिक कॅथिनोन' लिहिलंय का, हे नमुना देण्याआधी विचारा. 'फुल ड्रग पॅनेल' एवढंच सांगणाऱ्या लॅबमध्ये बहुधा तीच पट्टी वापरली जाते.

बडोद्यात दोन सरकारी दारं आहेत: सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय. 'पोलिसांत जाईल का?' ही भीती लोकांना दाराशीच अडवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. एनडीपीएसच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःच्या वापरासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी गुन्हा लागलेल्या व्यसनीनं स्वेच्छेनं उपचार घेतले तर खटल्यापासून सूट आहे. विकणाऱ्याला ती नाही. खासगी केंद्र निवडायचं असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. 'महिनाभर भेटायला येऊ नका' म्हणणाऱ्या ठिकाणी मुलाला ठेवू नका.

पहिल्या भेटीला वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किट आधीच वापरलं असेल तर त्याचा पाचव्या मिनिटाचा फोटो न्या. डॉक्टर रक्तदाब, नाडी, तापमान पाहतील, ईसीजी काढतील. त्यांनी विचारलं नाही तरी दोन गोष्टी तुम्ही काढा. एक, थायरॉइडची तपासणी: ती ग्रंथी जास्त चालली तर वजन उतरणं, हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड हे सगळं नशेशिवाय होतं. दुसरी, घराण्यात कुणाला बायपोलर (कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी येणारा मनोविकार) आहे का. चार-पाच दिवस न झोपता थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, हे मेनियातही, म्हणजे बायपोलरच्या अतिउत्साहाच्या टप्प्यातही, असंच दिसतं. त्याची कुठलीही पट्टी नाही, आणि त्याचं औषध वेगळं आहे.